आमाशयाच्या कर्करोगावरील दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया : शारीरदृष्ट्या विचार

आमाशयाचे स्थान चरकाचार्यांनी विमानस्थानात नाभी व स्तन यांच्या दरम्यान सांगितले आहे, हे आपणा सर्वांस विदित आहेच. आमाशय म्हणजे केवळ आधुनिकांचे ‘स्टमक’, की त्यात लघ्वंत्राचाही काही भाग धरावयाचा, हा जुना वाद येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. प्रस्तुत लेखात आमाशय हा शब्द जठर या मर्यादित अर्थानेच योजिला आहे.

या अवयवाचा कर्करोग झाल्यावर उदर न उघडता, चार-पाच लहान छिद्रांतून दुर्बीण व लांब दांड्यांची उपकरणे आत घालून आमाशयाचा काही भाग किंवा संपूर्ण आमाशय काढून टाकण्याची शस्त्रक्रिया आता मोठ्या शहरांतील रुग्णालयांत होऊ लागली आहे. ही शस्त्रक्रिया कोणी करावी, हा या लेखाचा विषय नाही. परंतु शस्त्रक्रियेपूर्वी कित्येक महिने आणि शस्त्रक्रियेनंतर कित्येक वर्षे हा रुग्ण आपल्याच दवाखान्यात व आपल्याच औषधालयात येत असतो. त्याच्या हातातील कागदावर ‘लॅपरोस्कोपिक डिस्टल गॅस्ट्रेक्टॉमी, डी-टू, रू-एन-वाय’ एवढीच एक ओळ लिहिलेली असते. माझ्या परिचयाच्या एका औषधविक्रेत्या स्नेह्यांनी त्यातील ‘डी-टू’ म्हणजे जीवनसत्त्व असावे असे समजून रुग्णाला ते घेत आहात का, म्हणून विचारले होते. हसण्यावारी नेण्याची ही गोष्ट नाही. त्या एका ओळीत रुग्णाचे कोणते अवयव गेले, कोणत्या वाहिन्या बांधल्या आणि अन्नमार्ग कसा नव्याने जोडला, हे सर्व सामावलेले असते. ती ओळ ज्याला वाचता येते, त्यालाच या रुग्णाची पुढील चिकित्सा निर्धोकपणे करता येईल.

थोडा इतिहास

आमाशयाचा कर्करोगग्रस्त भाग काढून रुग्ण जगल्याची पहिली शस्त्रक्रिया व्हिएन्ना येथे थिओडोर बिलरोथ यांनी २९ जानेवारी १८८१ रोजी केली. रुग्णा शस्त्रक्रियेतून बरी झाली, परंतु रोग पसरलेला असल्याने सुमारे चार महिन्यांनी मरण पावली. म्हणजे आमाशय कापून पुन्हा जोडता येते, हे त्याच दिवशी सिद्ध झाले. कर्करोग मात्र आमाशयाच्या भिंतीपुरता थांबत नाही, हेही त्याच रुग्णेने दाखवून दिले. त्यानंतरचा या शस्त्रक्रियेचा इतिहास हा बव्हंशी आमाशयाचा नसून त्याच्या भोवतालच्या लसीकाग्रंथींचा इतिहास आहे. तो लिहिला प्रामुख्याने जपानी शल्यचिकित्सकांनी, कारण हा रोग तेथे फार. दुर्बिणीच्या साहाय्याने आमाशयाच्या कर्करोगाची पहिली शस्त्रक्रियाही जपानमध्येच, १९९१ साली सेइगो किटानो यांनी केली.

लसीकाग्रंथी आणि त्यांचे क्रमांक

आमाशयाच्या अंतस्त्वचेत उत्पन्न झालेला अर्बुद जोपर्यंत अंतस्त्वचेपुरता असतो, तोपर्यंत लसीकाग्रंथींत त्याचा प्रसार होण्याचे प्रमाण सुमारे २ ते ३ टक्के असते. तोच अर्बुद अंतस्त्वचेखालच्या थरात उतरला की हे प्रमाण १५ ते २० टक्क्यांवर जाते. या दोन थरांतील अंतर मिलिमीटरच्या अंशात मोजण्याइतके आहे. अंतस्त्वचेखालच्या थरात लसीकावाहिन्यांचे दाट जाळे असते, हेच या वाढीचे कारण. म्हणून आमाशय कितीही स्वच्छ कापले, तरी ज्या मार्गाने लसीका वाहते तो मार्ग मागे राहिला तर शस्त्रक्रिया अपुरी ठरते.

लसीका ही धमन्यांच्या सोबतीने, पण रक्ताच्या उलट दिशेने वाहते. त्यामुळे प्रथम धमन्या ध्यानी घ्याव्यात. महाधमनी मध्यपटलातून उदरात उतरताच तिच्यापासून पुढे एक आखूड, जाड शाखा निघते. ती सिलिअ‍ॅक धमनी. तिच्या तीन शाखा. डावी जठरधमनी वर चढून अन्ननलिकेच्या मुखाशी वळते व आमाशयाच्या लघु वक्रतेने खाली उतरते. सामाईक यकृत्-धमनी उजवीकडे जाते. प्लीहाधमनी स्वादुपिंडाच्या वरच्या कडेने नागमोडी वळणे घेत डावीकडे जाते. लघु वक्रतेला खालून येऊन मिळणारी उजवी जठरधमनी ही बहुधा यकृताकडे जाणाऱ्या धमनीपासून निघते. बृहद् वक्रतेला उजवीकडून व डावीकडून एकेक धमनी येते. उजवी यकृत्-धमनीच्या शाखेची शाखा, तर डावी प्लीहाधमनीची. आमाशयाच्या घुमटाकार वरच्या भागास प्लीहेकडून काही आखूड धमन्या मिळतात. इतक्या बाजूंनी रक्त मिळत असल्यामुळेच बहुतेक वाहिन्या बांधूनही उरलेला आमाशयाचा भाग जिवंत राहतो. शल्यचिकित्सकाचे सारे धाडस या विपुलतेवर उभे आहे.

जपानी पद्धतीत या धमन्यांच्या कडेच्या ग्रंथीसमूहांस क्रमांक दिले आहेत. १ ते ६ हे आमाशयाला चिकटून असलेले समूह : १ व २ अन्ननलिकेच्या मुखाच्या उजव्या व डाव्या बाजूस, ३ लघु वक्रतेवर, ४ बृहद् वक्रतेवर, ५ जठरनिर्गमाच्या वर आणि ६ त्याच्या खाली. ७ हा डाव्या जठरधमनीच्या मुळाशी, ८ सामाईक यकृत्-धमनीवर, ९ सिलिअ‍ॅक धमनीभोवती, १० प्लीहेच्या द्वाराशी, ११ प्लीहाधमनीच्या कडेने आणि १२ यकृताकडे जाणाऱ्या धमनी, पित्तनलिका व प्रतिहारिणी सिरा यांच्या गुच्छात. क्रमांक पुढेही जातात. आपल्याला एवढे पुरे. आमाशयालगतचे समूह सातव्यासह काढले तर ती ‘डी-वन’ शस्त्रक्रिया, आणि त्यापुढे जाऊन स्वादुपिंडाच्या वरच्या कडेवरील मोठ्या धमन्यांभोवतीचे समूहही काढले तर ‘डी-टू’. आमाशयाचा खालचा भाग काढताना ‘डी-टू’मध्ये ८, ९, अकराव्याचा आरंभीचा भाग आणि बाराव्याचा धमनीलगतचा भाग येतो. डिस्चार्ज कार्डावरील ‘डी-टू’ ते हेच. काढलेल्या भागात किमान १६ ग्रंथी तपासल्या जाव्यात, असा संकेत आहे. रुग्णाच्या ऊतितपासणीच्या अहवालात ही संख्या दिलेली असते. ती वाचण्याची सवय आपण लावून घ्यावी.

थर उकलणे

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात शवच्छेदनाची जी रीत सांगितली आहे, तिचे येथे स्मरण होते. गवताने वेढलेले शव सात रात्री वाहत्या पाण्यात, आडजागी ठेवावे, आणि ते नीट कुजल्यावर वाळा, केस इत्यादींच्या कुंचल्याने हळूहळू घासत त्वचेपासून आतपर्यंतचे एकेक अंग डोळ्यांनी पाहावे. येथे शस्त्राने छेद घेऊन आत शिरावयाचे नाही, तर थर आपोआप सुटावेत व सुटता सुटता दिसावेत, अशी योजना आहे. या रीतीची आपल्याकडे प्रशंसा पुष्कळ होते. पण थर पाहणे म्हणजे काय, याचा विचार क्वचितच होतो.

गर्भावस्थेत आमाशय ही मध्यरेषेवरील एक सरळ नळी असते व पुढून-मागून पर्युदराच्या पडद्यांनी ती टांगलेली असते. पुढे ती स्वतःभोवती ९० अंशांत उजवीकडे फिरते. त्यामुळे डावा व्हेगस मज्जातंतू आमाशयाच्या पुढे येतो व उजवा मागे जातो. मागचा पडदा डावीकडे फुगून खाली लोंबतो, तीच महावपा. याच मागच्या पडद्यात स्वादुपिंडाचा बराच भाग व प्लीहा वाढतात आणि मग हा पडदा पाठीमागच्या भिंतीला व आडव्या बृहदांत्राच्या पडद्याला चिकटतो. चिकटलेल्या दोन पृष्ठांच्या मधोमध एक विरळ, कोळ्याच्या जाळ्यासारखा थर राहतो, ज्यात रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. त्या थरात उपकरण असेल तर रक्त येत नाही आणि ग्रंथींसह चरबीचा पडदा अखंड सुटतो. थर चुकला, तर एका बाजूस स्वादुपिंड आणि दुसऱ्या बाजूस बृहदांत्राची धमनी.

दुर्बिणीने हा थर अधिक स्पष्ट दिसतो. उदरात कार्बन डायऑक्साइड वायू साधारणतः १० ते १२ मिलिमीटर पारा इतक्या दाबाने भरलेला असतो. हा वायू त्या विरळ थरात शिरून त्याला किंचित फुलवतो. पडद्यावरील प्रतिमा कितीतरी पटींनी मोठी असते, आणि धमनीवर पसरलेले मज्जातंतूंचे पातळ आवरणही वेगळे ओळखू येते. ग्रंथी काढताना या आवरणाच्या बाहेरून जावयाचे, हा आजचा दंडक आहे.

परंतु जे मिळाले त्याच्या मोबदल्यात काही गेलेही आहे. त्रिविध परीक्षेतील दर्शन वाढले, स्पर्शन मात्र जवळपास लुप्त झाले. उघड्या उदरात शल्यचिकित्सकाची बोटे चरबीखाली धमनीचे स्पंदन जाणतात, गाठ कोठून कोठवर आहे ते चाचपतात. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत हे शक्य नाही. लहान अर्बुद आमाशयाच्या बाहेरून दिसतही नाही. म्हणून आदल्या दिवशी किंवा त्या सुमारास एंडोस्कोपीने आतून शाई टोचून वा धातूची चिमटी लावून सीमा आखून ठेवतात. धमन्यांची ठेवणही सीटी स्कॅनवर आधीच पाहून घ्यावी लागते. हाताने जे आयत्या वेळी समजत असे, ते आता आधी ठाऊक असावे लागते. शारीरज्ञानाचे महत्त्व दुर्बिणीमुळे कमी न होता वाढले, ते या अर्थाने.

धोक्याच्या जागा

पहिली जागा जठरनिर्गमाखालची, म्हणजे सहाव्या समूहाची. येथे बृहद् वक्रतेची उजवी सिरा, बृहदांत्राकडून येणारी एक सिरा आणि स्वादुपिंडाच्या डोक्यावरून येणारी एक बारीक सिरा अशा तिघी मिळून एक आखूड खोड होते, व ते आंत्राच्या मोठ्या सिरेत उघडते. हेन्ले यांच्या नावाने हे खोड ओळखले जाते. त्याची लांबी जेमतेम असते. स्वादुपिंडाची बारीक सिरा जेथे येऊन मिळते, त्याच्या आमाशयाकडील बाजूस बृहद् वक्रतेची सिरा बांधावयाची. अधिक खोल गेले की रक्तस्राव, आणि तो थांबविण्याच्या गडबडीत स्वादुपिंडाला इजा. उष्णतेने कापणाऱ्या उपकरणाचे टोक स्वादुपिंडाला ओझरते लागले, किंवा ते बाजूला धरताना साहाय्यकाने जोराने दाबले, तरी पुढे स्वादुपिंडरस पाझरू लागतो. हा रस स्वतःच्याच ऊतींचे पाचन करतो आणि बांधलेली धमनीही कुरतडतो. शस्त्रक्रियेनंतर ताप, पाठीत दुखणे व नळीतून येणारा गढूळ स्राव या लक्षणांचे हे एक गंभीर कारण होय.

दुसरी जागा स्वादुपिंडाच्या वरच्या कडेची. ७, ८, ९ आणि ११ हे समूह येथे दाटीने बसलेले आहेत. डावी जठरसिरा ही येथील सर्वांत बेभरवशाची वाहिनी. ती प्रतिहारिणी सिरेला मिळेल किंवा प्लीहासिरेला, धमनीच्या पुढून जाईल किंवा मागून. धमनी सर्वसाधारणपणे जागा सोडत नाही असे म्हणावे, तर तेही खरे नाही. सिलिअ‍ॅक धमनीच्या शाखांतील भेदांचे वर्गीकरण जपानचे अदाची यांनी १९२८ साली केले. त्यातील एका प्रकारात सामाईक यकृत्-धमनी सिलिअ‍ॅकपासून न निघता ऊर्ध्व आंत्रधमनीपासून निघते व प्रतिहारिणी सिरेच्या मागून यकृताकडे जाते. अशा रुग्णात स्वादुपिंडाच्या वरच्या कडेवर धमनी शोधत जाणाऱ्याच्या समोर थेट पातळ भिंतीची प्रतिहारिणी सिरा येते.

त्याहून अधिक वेळा आढळणारा भेद लघुवपेत असतो. यकृताच्या डाव्या भागाला रक्त देणारी धमनी सुमारे १० ते २० टक्के व्यक्तींत डाव्या जठरधमनीपासून निघते. काहींत ती जास्तीची असते. काहींत मात्र त्या भागाचा तोच मुख्य आधार असतो. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत डावी जठरधमनी मुळाशी बांधणे हा नित्याचा भाग. तेव्हा ही शाखा न ओळखता बांधली गेली, तर यकृताच्या डाव्या खंडाला इजा होऊ शकते. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाच्या यकृताच्या चाचण्या वाढलेल्या दिसल्या की लगेच कामलेची औषधे सुरू करण्यापूर्वी, हे कारण संभवते हे लक्षात असावे व रुग्णास त्याच्या शल्यचिकित्सकाकडे पाठवावे.

तिसरी जागा प्लीहेची. महावपेचे धागे प्लीहेच्या आवरणाला चिकटलेले असतात. वपा खाली ओढली की आवरण फाटून रक्त वाहू लागते. प्लीहाच काढून टाकली तर दहावा समूह पूर्ण निघतो, म्हणून पूर्वी ती सर्रास काढीत. बृहद् वक्रतेपर्यंत न पसरलेल्या वरच्या भागातील कर्करोगात प्लीहा काढल्याने आयुष्य वाढत नाही, उपद्रव मात्र वाढतात, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या जपानी अभ्यासात दिसून आले. त्यापूर्वी २००८ साली महाधमनीभोवतीच्या ग्रंथी प्रतिबंधासाठी काढण्याचा, व त्यानंतर २०१८ साली आमाशयामागील पर्युदराचा पडदा सोलून काढण्याचाही लाभ नाही असे ठरले. या तिन्ही निष्कर्षांचे मला विशेष मोल वाटते. अधिक कापणे म्हणजे अधिक शुद्धी, ही समजूत ज्यांनी रूढ केली, त्यांनीच ती काळजीपूर्वक तपासून मागे घेतली.

दुर्बिणीची शस्त्रक्रिया उघड्या शस्त्रक्रियेइतकी कर्करोगमुक्ती देते का, असे रुग्णाचे नातेवाईक हमखास विचारतात. कोरियातील १,४१६ रुग्णांच्या अभ्यासात, आरंभीच्या अवस्थेतील रोगात, आमाशयाचा खालचा भाग काढलेल्या रुग्णांपैकी पाच वर्षांनी दुर्बिणीच्या गटात ९४.२ टक्के व उघड्या गटात ९३.३ टक्के हयात होते. चीनमधील बऱ्याच पुढच्या अवस्थेतील रुग्णांत तीन वर्षे रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ७६.५ व ७७.८ टक्के आढळले. दोन्ही अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाले. तात्पर्य, सराईत हातांत दोन्ही मार्ग तुल्य आहेत. दुर्बिणीने जखमेचा त्रास कमी. हे आकडे या शस्त्रक्रिया नित्य करणाऱ्या चमूंचे आहेत, हे मात्र नातेवाईकांस सांगावे. आपल्या देशात बहुसंख्य रुग्ण पुढच्या अवस्थेत येतात, त्यामुळे अनेकांना शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर केमोथेरपी द्यावी लागते. ती मधेच सोडून ‘फक्त काढ्यावर’ येऊ इच्छिणाऱ्या रुग्णास आपण होकार देऊ नये.

आपल्या बोटांखाली असलेले शारीर

कोरियात चाळिशीपासून दर दोन वर्षांनी एंडोस्कोपीची राष्ट्रीय योजना आहे. आपल्याकडे ती नाही. येथे चाळणी म्हणजे आपण, आणि औषधालयाच्या फळीपलीकडे उभे असलेले विक्रेते. चाळिशी-पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेले अम्लपित्त, त्यासोबत वजन घटणे, घास अडकणे, वारंवार वमन, पांडुता किंवा काळे मल यांपैकी काहीही असेल, तर वय न पाहता एंडोस्कोपी करवावी. कामदुधा, सूतशेखर किंवा आम्ल कमी करणाऱ्या आधुनिक गोळ्यांनी बरे वाटले, एवढ्यावरून कर्करोग नाही असे ठरत नाही. आम्ल कमी झाल्यावर कर्करोगाच्या व्रणाचा पृष्ठभागही काही काळ भरून येऊ शकतो. लोह व मंडूर यांच्या कल्पांनी मल काळा होतो, हे आपण जाणतो. तेव्हा ते सुरू करण्यापूर्वीच मलाचा वर्ण विचारून केसपेपरवर लिहावा, अन्यथा रक्तस्रावाचे चिन्ह आपल्याच औषधाने झाकले जाईल. औषधविक्रेत्यांस विनंती अशी की, एकच ग्राहक दोन-तीन महिने स्वतःच्या मनाने अम्लपित्ताची औषधे नेत असेल, तर त्यास वजनाविषयी व मलाविषयी दोन प्रश्न विचारावेत.

उदरातील लसीका शेवटी वक्षातील मुख्य लसीकावाहिनीतून मानेच्या डाव्या बाजूच्या सिरेत जाते. म्हणून डाव्या जत्रूच्या वर, मानेच्या खळगीत, कठीण व न सरकणारी ग्रंथी लागली तर रोग दूरवर पोचला असे समजावे. नाभीतील गाठीचाही अर्थ बहुधा तोच. स्त्रीरुग्णांत बीजाशयांवर आणि दोन्ही लिंगांत श्रोणीच्या तळाशीही रोग उतरतो. हे जाणण्यास कोणतेही यंत्र लागत नाही, केवळ मान व नाभी चाचपण्याची सवय लागते. उदरात पसरलेले बारीक दाणे मात्र सीटी स्कॅनलाही हुलकावणी देतात. यासाठीच शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्यापूर्वी केवळ पाहण्यापुरती दुर्बीण घालतात. ‘पोटात दुर्बीण घातली आणि काही न करताच बंद केले’, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या नातेवाईकांना हे समजावून सांगणे आपले काम आहे. शस्त्रक्रिया ठरली असेल, तर रुग्ण घेत असलेल्या काढ्यांची, गुग्गुळकल्पांची व लसणाच्या औषधांची यादी भूलतज्ज्ञांस अवश्य द्यावी. लसणाच्या मोठ्या मात्रेने रक्त गोठण्यास विलंब होऊ शकतो.

शस्त्रक्रियेनंतरचा रुग्ण

जो भाग काढला त्याचे कर्म गेले, हे सूत्र धरून चालावे. संपूर्ण आमाशय काढलेल्या रुग्णात जीवनसत्त्व ब-१२ शोषण्यास लागणारा घटक तयारच होत नाही, कारण तो आमाशयाच्या वरच्या व मधल्या भागातील पेशींत बनतो. यकृतातील साठ्यावर दोन ते पाच वर्षे निघतात. मग पांडुता, हातापायांस मुंग्या, चालताना तोल जाणे. हा काळ इतका दीर्घ असतो की शस्त्रक्रियेशी त्याचा संबंध रुग्णालाही सुचत नाही. येथे केवळ पुनर्नवामंडूर देत राहणे घातक आहे. ब-१२ ची इंजेक्शने नियमित व आयुष्यभर लागतात. लोहाचीही उणीव होते, कारण आम्ल नसते आणि रू-एन-वाय जोडणीत अन्न ग्रहणीतून जातच नाही.

जठरनिर्गम गेला की अन्न आंत्रात धडकन उतरते. जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, पोटात कळ व द्रवमल, किंवा एक ते तीन तासांनी रक्तातील साखर उतरून चक्कर, अशी दोन रूपे दिसतात. यावर थोडे थोडे, सहा वेळा खाणे, जेवताना पाणी न पिणे व गोड पातळ पदार्थ टाळणे हा उपाय. आपल्या नित्याच्या औषधांकडे या दृष्टीने पाहावे. अवलेह व च्यवनप्राश यांत साखर भरपूर. आसवारिष्टांत गुळासोबत स्वयंजात मद्यही असते, आणि आमाशय नसलेल्यात मद्य फार लवकर रक्तात चढते. अविपत्तिकर चूर्णात साखर व निशोत्तर दोन्ही आहेत. दीपन-पाचनासाठी म्हणून ही औषधे या रुग्णाच्या हाती सहज पडतात. व्हेगसची यकृताकडे जाणारी शाखा कापली गेल्यास पित्ताशय मंदावते व पित्ताश्मरी होण्याचा संभव वाढतो, हेही ध्यानी ठेवावे.

शेवटी एक बाब, जी माझ्या मते या सर्वांत तातडीची आहे. रू-एन-वाय जोडणीत लघ्वंत्राचा एक फाटा वर ओढून आमाशयाच्या उरलेल्या भागाला अथवा अन्ननलिकेला जोडतात. वर गेलेल्या या फाट्याचा पडदा आणि आडव्या बृहदांत्राचा पडदा यांच्यामध्ये एक फट राहते. तिला पीटरसनची जागा म्हणतात. खाली जेथे आंत्र आंत्राला जोडले, तेथेही पडद्यात अशीच दुसरी फट असते. शस्त्रक्रियेच्या वेळी टाके घालून या फटी बंद करतात. पण पुढे रुग्णाचे वजन घटते, पडद्यातील चरबी झिजते आणि फट पुन्हा उघडते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत उदरात चिकटे कमी होतात. हा तिचा मोठा गुण. पण चिकटे नसल्याने आंत्र मोकळे फिरते व या फटीत शिरून पीळ पडण्याचा धोका उलट अधिक. महिन्यांनी किंवा वर्षांनीही, चांगला हिंडता-फिरता रुग्ण अकस्मात तीव्र शूल घेऊन येतो. पोट पुष्कळदा मऊ असते, व्रण तर जवळजवळ दिसतही नाहीत. वमन फारसे नसते, कारण अडकलेला भाग बराच खाली असतो. हे चित्र वातशूलाचे किंवा उदावर्ताचे वाटते आणि हात एरंडतेलाकडे अथवा बस्तीकडे वळतो. अशा रुग्णास स्नेह, विरेचन, बस्ती यांपैकी काहीही देऊ नये. रू-एन-वाय झालेल्या रुग्णाचा तीव्र शूल म्हणजे सीटी स्कॅन व शल्यचिकित्सकाचे मत, तेही त्याच दिवशी. आंत्राचा रक्तपुरवठा तुटल्यावर हाती तासच उरतात. अशा रुग्णाच्या केसपेपरच्या माथ्यावर ‘रू-एन-वाय’ हे शब्द तांबड्या शाईने लिहून ठेवावेत, आणि औषधालयाच्या नोंदवहीतही त्याच्या नावापुढे तीच खूण असावी.